वर्गात मध्येच बोलणे आणि त्याचे व्यवस्थापन

वर्गात मध्येच बोलणे म्हणजे अध्यापन चालू असताना विद्यार्थ्याने आपली पाळी येण्यापूर्वी, परवानगी न घेता किंवा दुसऱ्याचे बोलणे तोडून बोलणे होय. हात वर न करता उत्तर देणे, शिक्षकांचे वाक्य अर्ध्यावर तोडणे, सहाध्यायी उत्तर देत असताना आपले उत्तर पुढे करणे, शेजाऱ्याशी गप्पा मारणे आणि शेरेबाजी करणे या सर्वांचा त्यात समावेश होतो. मारामारी किंवा नासधूस यांच्या तुलनेत हे वर्तन सौम्य मानले जाते. मात्र ते वारंवार घडत असल्याने त्यात अध्यापनाचा बराच वेळ खर्च होतो. त्याचे व्यवस्थापन हा वर्गव्यवस्थापन, शैक्षणिक मानसशास्त्र आणि संभाषण-विश्लेषण या तिन्ही अभ्यासक्षेत्रांचा विषय आहे.

या विषयात दोन हितसंबंधांचा समतोल साधावा लागतो. मोजकी मुले सतत बोलत राहिल्यास विचार करायला अधिक वेळ लागणाऱ्या आणि बुजऱ्या मुलांची संधी हिरावली जाते. उलटपक्षी, बोलण्यावर सरसकट बंदी घातल्यास प्रश्न विचारण्याची सवयच नाहीशी होते. त्यामुळे बोलणे बंद करण्यापेक्षा बोलण्याच्या संधीचे न्याय्य वाटप करणे, हे आधुनिक वर्गव्यवस्थापनाचे उद्दिष्ट मानले जाते.

स्वरूप आणि प्रकार

मध्येच बोलण्याचे सर्व प्रकार सारखे नसतात आणि त्यांवरील उपायही वेगवेगळे असतात. स्थूलमानाने पुढील प्रकार आढळतात :

• उत्साहाने दिलेले उत्तर : प्रश्न पूर्ण होताच, किंवा त्याआधीच, विद्यार्थी उत्तर सांगून टाकतो. विषयात रस असल्याचे हे लक्षण असते. परंतु त्यामुळे इतरांचा विचार थांबतो.
• शेजाऱ्याशी बोलणे : यात पाठाशी संबंधित विचारपूस आणि निव्वळ गप्पा असे दोन्ही येते. ऐकू न आलेली सूचना शेजाऱ्याला विचारणारे मूल दुरून गप्पा मारणाऱ्या मुलासारखेच दिसते.
• शेरेबाजी आणि विनोद : वर्गाला हसवणे किंवा शिक्षकांचे लक्ष वेधून घेणे हा याचा हेतू असतो.
• प्रत्युत्तर आणि वाद : शिक्षकांच्या सूचनेला किंवा निर्णयाला जाहीर आव्हान दिले जाते.
• शंका विचारणे : पाठ न समजल्याने विद्यार्थी मध्येच थांबवतो. हे बोलणे पाळी सोडून असले तरी अध्यापनाला उपकारक असू शकते.

एखादे बोलणे ‘मध्येच’ ठरते की नाही, हे प्रसंगावर अवलंबून असते. ‘सात आठे किती?’ असे शिक्षकांनी विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात ‘छप्पन्न’ म्हणतो, तेव्हा ती बेशिस्त ठरत नाही. त्याच तासाला पुढचा प्रश्न एकाच विद्यार्थ्यासाठी असेल आणि तसे स्पष्ट सांगितलेले नसेल, तर सर्वांनी मिळून दिलेले उत्तर गोंगाट ठरते. सामूहिक उत्तर कधी अपेक्षित आहे आणि वैयक्तिक उत्तर कधी, याची खूण आधीच दिलेली नसणे हे मध्येच बोलण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

वर्गातील संभाषणाची रचना

दैनंदिन संभाषणात पाळी कोणाची, हे बोलणारी माणसे त्या त्या वेळी आपसांत ठरवतात. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ मध्ये या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले. वर्गातील औपचारिक संभाषणात ही मोकळीक बरीच कमी होते. ॲलेक मॅक्हौल यांनी १९७८ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, पुढे कोणी बोलावे हे ठरवण्याचा अधिकार वर्गात प्रामुख्याने शिक्षकांकडे असतो आणि विद्यार्थ्याचे बोलणे संपल्यावर पाळी पुन्हा शिक्षकांकडे येते.

जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुल्थर्ड (१९७५) तसेच ह्यू मेहान (१९७९) यांनी वर्गसंभाषणाचा तीन पायऱ्यांचा साचा मांडला : शिक्षकांचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि त्या उत्तरावर शिक्षकांचा अभिप्राय. या साच्यात एका वेळी एकाच विद्यार्थ्याला संधी मिळते. चाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला सर्व वेळ विद्यार्थ्यांच्या बोलण्यासाठी ठेवला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. पाळीची ही टंचाई रचनेतच असल्यामुळे, हात वर करून थांबलेल्या मुलाला आपली पाळी येणारच नाही असे वाटणे अस्वाभाविक नाही.

कारणे

लक्ष वेधण्याची गरज : मध्येच बोलल्यावर शिक्षकांनी रागावणे हेदेखील एक प्रकारचे लक्ष असते. शांतपणे हात वर केल्यावर लक्ष मिळत नसेल आणि ओरडल्यावर ते मिळत असेल, तर ओरडण्याची सवय बळावते. वर्तनवादी मानसशास्त्रात याला प्रबलन म्हणतात.

प्रश्नोत्तरांचा वेग : अमेरिकेतील विज्ञानशिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. इतक्या थोड्या अवकाशात विचार करणाऱ्यापेक्षा चटकन बोलणाऱ्याचाच लाभ होतो.

काम नसणे किंवा न समजणे : काम लवकर संपलेली आणि काम अजिबात न समजलेली, अशी दोन्ही प्रकारची मुले बोलू लागतात. पाठातील एका कृतीकडून दुसऱ्या कृतीकडे जाण्याचा काळ, उदाहरणार्थ वह्या वाटणे किंवा फळा पुसणे, या दृष्टीने विशेष नाजूक असतो.

विकासात्मक आणि वैद्यकीय कारणे : आवेग आवरण्याची क्षमता वयानुसार वाढते, पहिलीतील मुलाकडून आठवीतील मुलाइतक्या संयमाची अपेक्षा ठेवता येत नाही. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) अवधान-अभाव अतिक्रियाशीलता विकाराच्या लक्षणांमध्ये प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर देऊन टाकणे, पाळीची वाट पाहणे अवघड जाणे, अति बोलणे आणि इतरांच्या बोलण्यात व्यत्यय आणणे यांचा समावेश आहे. मात्र केवळ या लक्षणांवरून निदान होत नाही. त्यासाठी अशी अनेक लक्षणे दीर्घकाळ, बारा वर्षांच्या वयाआधीपासून आणि घर व शाळा यांसारख्या एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. निदान करणे हे तज्ज्ञांचे काम असून शिक्षकांच्या नोंदी त्यात साहाय्यभूत ठरतात. ऐकण्यात दोष असलेल्या मुलाला दुसरे कोणी बोलत आहे हे कळतच नाही, अशीही शक्यता असते.

घरची बोलण्याची रीत : काही कुटुंबांत आणि समाजांत एकमेकांच्या बोलण्यात भर घालत बोलणे हे आपुलकीचे मानले जाते, तर काही ठिकाणी मोठ्यांसमोर गप्प राहणे हा संस्कार असतो. शाळेचा नियम या दोहोंपासून वेगळा असू शकतो आणि तो शिकवावा लागतो.

संशोधन

१९६८ मध्ये चार्ल्स मॅडसेन, वेस्ली बेकर आणि डॉन थॉमस यांनी प्राथमिक वर्गांत नियम, प्रशंसा आणि दुर्लक्ष या तीन घटकांची तुलना केली. केवळ नियम सांगून वर्तनात फारसा फरक पडत नाही. अयोग्य वर्तनाकडे दुर्लक्ष आणि योग्य वर्तनाची प्रशंसा यांची जोड दिल्यास मात्र वर्तन सुधारते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९६९ मध्ये हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स आणि मॉन्ट्रोज वुल्फ यांनी ‘चांगल्या वर्तनाचा खेळ’ ही पद्धत प्रसिद्ध केली. चौथीच्या वर्गाचे दोन गट पाडण्यात आले. परवानगीशिवाय बोलणे किंवा जागा सोडणे घडले की त्या गटाच्या नावे फळ्यावर खूण केली जाई. कमी खुणा असणारा गट जिंके; दोन्ही गटांच्या खुणा ठरावीक मर्यादेत राहिल्यास दोघेही विजयी ठरत. बक्षिसे रोजच्या शालेय जीवनातलीच होती, उदाहरणार्थ मोकळा वेळ. खेळ चालू असताना दोन्ही वर्तनांचे प्रमाण बरेच घटले आणि खेळ थांबवल्यावर ते पुन्हा वाढले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८०च्या दशकात सुरू झालेल्या मोठ्या प्रयोगात या खेळाचे दीर्घकालीन लाभ दिसून आले, विशेषतः आक्रमक वर्तनाच्या मुलांमध्ये. इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात मात्र वाचन किंवा वर्तन यांवर सरासरी परिणाम आढळला नाही. त्यामुळे हा खेळ सर्वत्र सारखाच उपयुक्त ठरतो, असे म्हणता येत नाही.

जेकब कूनिन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निराळा मुद्दा मांडला. गैरवर्तन घडल्यानंतर शिक्षक कसे रागावतात, यावरून यशस्वी आणि अयशस्वी वर्ग वेगळे ओळखता येत नाहीत, असे त्यांना आढळले. फरक होता तो आधीच्या कामात : वर्गाच्या प्रत्येक कोपऱ्यातले भान शिक्षकांना असणे, दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष देता येणे, पाठाचा ओघ न तुटणे आणि एकाला विचारताना बाकीच्यांनाही सावध ठेवणे.

१९७३ मध्ये सॅम्युएल डाइट्झ आणि ॲलन रेप यांनी बोलणे पूर्ण बंद करण्याऐवजी ते ठरावीक मर्यादेत ठेवल्याबद्दल बक्षीस देण्याची पद्धत तपासली आणि तिच्यामुळे मध्येच बोलण्याचे प्रमाण घटते, असे दाखवले. उत्साहाने उत्तर देणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत सोयीची मानली जाते. तिच्यात बोलणे हा गुन्हा ठरत नाही, त्याला केवळ माप घातले जाते.

ब्रिटनमध्ये केव्हिन व्हेल्डॉल आणि फ्रँक मेरेट यांनी १९८८ मध्ये प्राथमिक शिक्षकांची पाहणी केली. सर्वांत त्रासदायक वर्तन कोणते, या प्रश्नावर पाळी सोडून बोलणे आणि इतरांच्या कामात अडथळा आणणे ही उत्तरे अग्रभागी होती. पुढच्याच वर्षी लॉर्ड एल्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने इंग्लंड व वेल्समधील शाळांच्या शिस्तीवरील अहवालात हाच सूर लावला : शिक्षकांना थकवणारी गोष्ट म्हणजे क्वचित घडणारी हिंसा नसून रोजचे, किरकोळ पण अखंड चालणारे व्यत्यय होत.

व्यवस्थापनाच्या पद्धती

नियम ठरवणे आणि शिकवणे

नियम मोजके, स्पष्ट आणि होकारार्थी असावेत, असे सामान्यतः सुचवले जाते. ‘गडबड करू नका’ यापेक्षा ‘एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतील’ हा नियम पाळण्यास सोपा जातो. वर्षाच्या आरंभी मुलांशी चर्चा करून नियम ठरवणे, ते करून दाखवणे आणि त्यांचा सराव घेणे उपयुक्त ठरते. कामाच्या स्वरूपानुसार आवाजाची पातळीही ठरवता येते. जसे, स्वतंत्र लेखनाच्या वेळी शांतता, जोडीकामात कुजबुज, गटकामात हलका आवाज आणि सादरीकरणात खणखणीत आवाज.

प्रश्न विचारण्याची रीत

प्रश्नापूर्वीच उत्तराची पद्धत सांगितल्यास संदिग्धता टळते. ‘सर्वांनी मिळून सांगा’, ‘हात वर करा’, ‘वहीत लिहा’ किंवा ‘शेजाऱ्याला सांगा’ अशा सूचना प्रश्नाच्या आधी द्याव्यात. रो यांच्या अभ्यासानुसार प्रश्नानंतर, तसेच विद्यार्थ्याच्या उत्तरानंतर, तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यास उत्तरे दीर्घ होतात, उत्तर न देणाऱ्यांची संख्या घटते आणि शिक्षकांना शिस्तीसाठी कमी वेळा बोलावे लागते.

१९८१ मध्ये फ्रँक लायमन यांनी मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थी आधी एकटा विचार करतो, मग जोडीदाराला सांगतो आणि शेवटी वर्गासमोर मांडतो. तिच्यामुळे एकाच वेळी अर्धा वर्ग बोलू शकतो आणि पाळीची टंचाई कमी होते. पाटीवर उत्तर लिहून ती एकदम वर धरणे किंवा नावांच्या चिठ्ठ्या काढून विद्यार्थी निवडणे, हेही प्रचलित उपाय आहेत. चिठ्ठी पद्धतीत बुजऱ्या मुलावर दडपण येऊ नये म्हणून त्याला आधी जोडीदाराशी बोलू देणे किंवा पाळी पुढे ढकलण्याची मुभा देणे हितावह असते.

तत्काळ करावयाचे उपाय

पाठ न थांबवता करता येण्याजोगा, सर्वांत सौम्य उपाय प्रथम करावा, हे तत्त्व सामान्यतः मान्य आहे. नजर देणे, बोलणे थांबवून क्षणभर शांत राहणे, शिकवत शिकवत विद्यार्थ्याच्या बाकाजवळ जाणे, हाताने खूण करणे, हात वर केलेल्या मुलाला नाव घेऊन संधी देणे आणि अखेरीस नाव घेऊन थोडक्यात सूचना देणे, असा त्याचा चढता क्रम असतो. ‘तुझे उत्तर मला ऐकायचे आहे, सुनंदानंतर तुझी पाळी’ अशा वाक्यातून नियमही पाळला जातो आणि मुलाचा उत्साहही टिकतो. मात्र दिलेला शब्द पाळणे आवश्यक असते. पाळी आलीच नाही, तर पुढच्या वेळी मूल थांबत नाही.

नियोजित दुर्लक्ष हा उपाय लक्ष वेधण्यासाठी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीतच लागू पडतो. शेजाऱ्याशी रंगलेल्या गप्पांना शिक्षकांच्या लक्षाची गरज नसल्याने दुर्लक्षाने त्या थांबत नाहीत. शिवाय दुर्लक्ष सुरू केल्यावर आरंभी ते वर्तन काही काळ वाढते. या टप्प्यावर शिक्षकांनी माघार घेतल्यास अधिक मोठ्याने बोलण्याची सवय लागते.

वारंवार बोलणाऱ्या विद्यार्थ्यासाठी

एखाद्या विद्यार्थ्याचे वर्तन अनेक आठवडे तसेच राहिल्यास नोंद ठेवणे उपयोगी पडते. बोलण्याच्या आधी काय घडले, तो काय बोलला आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, या तीन गोष्टी काही दिवस लिहिल्यास वर्तनाचे कारण पुष्कळदा स्पष्ट होते. एखादे मूल केवळ गणिताच्या तासालाच बोलत असेल, तर अडचण स्वभावाची नसून गणिताची असण्याची शक्यता असते. विद्यार्थ्याशी एकांतात बोलणे, सुचलेले उत्तर वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवायला शिकवणे, पुढच्या बाकावर बसवणे, हालचालीची कामे देणे आणि पालकांशी तक्रारीच्या नव्हे तर सहकार्याच्या सुरात संवाद साधणे, हे त्यापुढील टप्पे होत.

भारतातील आणि महाराष्ट्रातील परिस्थिती

मराठी शाळांत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा पिढ्यानपिढ्या परिचित आहे. शिक्षक वर्गाबाहेर असताना बोलणाऱ्यांची नावे वर्गनायकाने फळ्यावर लिहिण्याची प्रथाही रूढ होती. या प्रथेत नाव लिहिण्याचा अधिकार एका मुलाच्या हाती जात असल्याने मैत्री आणि वैर यांचा परिणाम यादीवर होण्याची शक्यता असते. बाकावर उभे करणे, अंगठे धरायला लावणे आणि उठाबशा काढायला लावणे या शिक्षाही पूर्वी सर्रास दिल्या जात.

या परंपरेला शिक्षणतज्ज्ञांनी पर्याय दिले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत शांतता ही शिक्षा नसून खेळ आहे : मुले स्वतःहून निश्चल बसतात आणि शिक्षिका दुरून हलक्या आवाजात एकेकाचे नाव पुकारते. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी हा शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि त्यात सपशेल अपयशी ठरतो. त्यानंतर तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तोच दंगा करणारा वर्ग शांत होतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक आणि ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम केले. गाणी, गोष्टी आणि कृती यांवर आधारलेल्या या बालशिक्षणात मुलाचे बोलणे हेच शिकण्याचे साधन मानले गेले.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम २९ मध्ये बालकाला भयमुक्त ठेवणे आणि आपली मते मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे हे अभ्यासक्रमाचे एक तत्त्व म्हणून नमूद केले आहे. म्हणजे गप्प बसवण्यासाठी दिलेली अपमानकारक शिक्षा कायद्याने निषिद्ध आहे आणि बोलते करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतही मत मांडण्याचा हक्क (अनुच्छेद १२) आणि शालेय शिस्तीत बालकाची प्रतिष्ठा राखण्याचे बंधन (अनुच्छेद २८) समाविष्ट आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

द्विशिक्षकी शाळांत एका शिक्षकाला एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात. एका इयत्तेला शिकवताना दुसरीला स्वतंत्र काम दिलेले असते आणि त्या मुलांनी आपसांत विचारपूस केल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. अशा वर्गात संपूर्ण शांततेचा आग्रह व्यवहार्य नसतो. गटप्रमुख नेमणे, आवाजाची पातळी ठरवणे आणि ‘आधी गटात विचारा, मग शिक्षकांना’ असा क्रम लावणे अधिक उपयोगी पडते.

सांस्कृतिक भिन्नता आणि न्याय

हवाईतील कामेहामेहा बालशिक्षण कार्यक्रमात कॅथरिन ऑ यांनी १९८० च्या सुमारास एक लक्षणीय बाब नोंदवली. तेथील मूळ समाजात अनेकांनी मिळून, एकमेकांच्या बोलण्यात भर घालत गोष्ट सांगण्याची रीत आहे. वाचनाच्या तासाला मुलांना याच रीतीने बोलू दिल्यावर त्यांचा सहभाग वाढला. ज्या बोलण्याला अन्यत्र व्यत्यय म्हटले गेले असते, तेच येथे अध्ययनाचे माध्यम ठरले. याउलट, अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील मूलनिवासी मुले सर्वांसमोर एकट्याने बोलण्यास नाखूश असली, तरी गटकामात सहज बोलतात, असे सुझन फिलिप्स यांनी दाखवले.

नियमांच्या अंमलबजावणीतील पक्षपात हाही चिंतेचा विषय आहे. रसेल स्किबा आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधील अमेरिकी अभ्यासात गोऱ्या विद्यार्थ्यांवर धूम्रपान किंवा नासधूस यांसारख्या वस्तुनिष्ठ कारणांसाठी, तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर उद्धटपणा किंवा अति गोंगाट यांसारख्या व्यक्तिसापेक्ष कारणांसाठी अधिक कारवाई झाल्याचे आढळले. एकाचे बोलणे ‘चुणचुणीत’ आणि दुसऱ्याचे ‘उद्धट’ ठरवताना निकष कोणता, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. कोणाला किती वेळा बोलू दिले आणि कोणाला किती वेळा थांबवले याची साधी नोंद ठेवणे, हा असा पक्षपात ओळखण्याचा एक मार्ग आहे.

टीका आणि मर्यादा

बक्षिसांवर आधारित पद्धतींवर आल्फी कोन यांनी १९९३ मधील ग्रंथात कडक टीका केली. बक्षीस आणि शिक्षा या दोन्ही बाहेरून नियंत्रण ठेवणाऱ्याच गोष्टी असून त्यांमुळे अंगभूत प्रेरणा क्षीण होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘चांगल्या वर्तनाचा खेळ’ यासारख्या गटपद्धतींत एका मुलाच्या चुकीचा दोष सर्व गटावर येतो आणि सवंगडी त्या मुलावर रोष काढू शकतात, हाही आक्षेप घेतला जातो. बॅरिश व सहकाऱ्यांच्या मूळ प्रयोगातही खेळात सहभागी होण्यास तयार नसलेल्या मुलांना पुढे गटातून वेगळे करावे लागले होते.

ली आणि मार्लीन कँटर यांच्या १९७६ मधील शिस्तपद्धतीत नियम मोडणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले जाई. या प्रकाराने मुलाचा जाहीर अपमान होतो, अशी टीका झाल्यावर पुढील काळात त्यांनी नाव फळ्याऐवजी कागदावर नोंदवण्याचा सल्ला दिला.

संवादी अध्यापनाचे पुरस्कर्ते एक मूलभूत आक्षेप नोंदवतात. संपूर्ण शांत वर्ग हा शिकणारा वर्ग असतोच असे नाही. मुले एकमेकांच्या विचारांना कारणांसह आव्हान देत बोलतात, तेव्हा आकलन वाढते. या दृष्टीने हात वर करण्याचा नियम हा अंतिम आदर्श नसून एक पायरी आहे. कोणीही पाळी न वाटता, एकमेकांचे ऐकून, योग्य वेळी बोलणे आणि योग्य वेळी थांबणे हे कौशल्य विद्यार्थ्यांत निर्माण होणे, हे त्यापुढील उद्दिष्ट मानले जाते.